माझ्या यादीतली चंदा

६ जानेवारी, सोमवार

आज ऑफिसात नवीन टेबल आलं. माझ्या टेबलापेक्षा लहान आहे, पण सिताराम सरांनी ते नेमकं दारासमोर लावून घेतलं. म्हणजे जिना चढून येणाऱ्याला आधी ते दिसणार, आणि उजवीकडे मान वळवली तर मी. अकरा वर्षं मी दारासमोर बसत नव्हते हे खरं, पण दुसरंही कुणी बसत नव्हतं.

तिथं बसणार आहे नीलम. सेलूची, वय सव्वीस. आधी ती क्षयरोगाच्या कार्यक्रमात होती. गोळ्या मधेच सोडणाऱ्या पेशंटांना शोधायचं आणि पुन्हा गोळ्या सुरू करायला लावायच्या, हे तिचं काम. परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलांशी याचा काय संबंध, असं मी सरांना विचारलं.

सर म्हणाले, "ताई, मागच्या वर्षी आपल्याकडं त्रेसष्ट मुलांनी नाव नोंदवलं. गेली एकोणीस. बाकीची चव्वेचाळीस कुठं गळाली?"

"ज्यांना मनापासून जायचं नसतं ती गळतात."

"असंल. पण एकदा विचारून तर बघू."

म्हणजे अकरा वर्षांत मी विचारलंच नाही, असा अर्थ झाला.

९ जानेवारी, गुरुवार

आज एक नवीन मुलगी आली. चंदा. झरीच्या पुढं कुठंतरी तिचं गाव, पण गावात घर नावालाच. वडील धोंडीबा आणि आई मनकर्णाबाई वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन रानोमाळ. इथल्याच व्हेटर्नरी कॉलेजातून पदवी घेतली आहे, चांगल्या मार्कांनी. आयर्लंडमधल्या एका विद्यापीठात मेंढ्यांच्या पैदाशीवर शिकायचंय. कोर्सचं नाव, तिथल्या प्राध्यापकांचं नाव, सगळं एका चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. सरकारी शिष्यवृत्तीला बसते.

मी तिला माझ्या पद्धतीप्रमाणे सगळं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. बावीस कागदपत्रांची यादी हातात दिली. तिथली थंडी सांगितली. दुपारी चारला अंधार पडतो, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. इथं आईला काही झालं तर पोचायला दोन दिवस लागतील, तेही सांगितलं. कुणाला गोड बोलून फसवण्यातली मी नाही. जो टिकायचा तो टिकतो.

ती यादीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुमी गेलता का तिकडं?"

"स्कॉटलंडला ॲडमिशन झालं होतं माझं. व्हिसाची फाइलसुद्धा तयार होती. माझ्या वडिलांची तब्येत अचानक बिघडली, म्हणून राहिलं."

"अरे देवा," ती म्हणाली. खरंच वाईट वाटलं तिला. गुणी पोरगी आहे. टिकेल असं वाटत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

नीलम दर मंगळवारी सगळ्या मुलांना फोन करते. कागदपत्रांचं काही विचारत नाही! "जेवलास का, मामाच्या मुलीचं लग्न झालं का, पासपोर्टला निघालास तेव्हा घरचे काय म्हणाले," असल्या गप्पा. शेवटी एकच काम सांगते. फक्त एक. "या आठवड्यात मार्कमेमोची झेरॉक्स, बास." पुढच्या मंगळवारी पुढचं एक.

मी म्हणाले, "असं केलं तर बावीस कागदांना बावीस आठवडे लागतील."

"न्हाई ओ ताई. चार-पाच झाले की पोरं सोताच पळायला लागतात," ती हसत म्हणाली. "बावीसची यादी बघितली की रात्री झोप लागत न्हाई त्यांना. टीबीच्या पेशंटला सहा महिने म्हटलं की दुसऱ्याच दिवशी गायब. आठ दिवसांच्या गोळ्या म्हटलं की घेतो."

सर मागं उभे होते. मान हलवत होते. माझी यादी सर अकरा वर्षं बघतायत, तेव्हा कधी मान हलली नाही.

घरी जेवताना महारुद्र म्हणाले, "तू आज त्या पोरीचं नाव सहा वेळा घेतलंस." आमचे यजमान पूर्णेला रेल्वेत आहेत, दिवसभर डबे मोजून त्यांना सगळंच मोजायची सवय लागलीय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बुद्धभूषण आला होता. मागच्या वर्षी माझ्याकडं होता. इंग्रजीच्या परीक्षेत अर्ध्या गुणानं हुकला आणि नंतर फिरकलाच नाही. त्या चव्वेचाळिसातला. नीलमनं त्याला पुन्हा बसवलं, त्यानं गुण काढले, आणि तेवढ्यासाठीच अडलेलं जर्मनीतलं पत्र आलं. पेढ्यांचा बॉक्स नीलमच्या टेबलावर ठेवला. मला त्यातला एक आणून दिला, कागदात गुंडाळून.

"सर, मॅडम, तुमच्यामुळंच," असं म्हणाला, पण बघत कुणीकडं होता ते मला दिसत होतं.

त्याला मागच्या वर्षी मी एवढंच म्हणाले होते की पहिल्या फटक्यात होत नाही त्यानं नीट विचार करावा. काळजीनंच म्हणाले होते.

पेढा मी शिपायाला दिला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चंदा पाच आठवडे आली नव्हती. फोन लागत नव्हता. मी तिच्या नावापुढं पेन्सिलीनं रेघ ओढायच्या बेतात होते. शनिवारी नीलम मला न विचारता गेली आणि तिनं चंदाला शोधून काढलं. झरीत पानटपरीवर विचारलं, मग एका दूधवाल्याच्या गाडीवर मागं बसून सहा किलोमीटर आत. ज्वारी काढलेल्या रानात मेंढरं बसवली होती, तिथं.

"तिच्या आईनं मला ताक दिलं, मी दोन तास बसले," नीलम सांगत होती. सर खुर्ची ओढून ऐकत होते. "मी जाण्याचं काहीच बोलले न्हाई. आई इचारत होती, तिकडं मेंढरं कोणत्या जातीची असतेत. मला काय ठाऊक! चंदानं मोबाइलवर फोटो दाखवले. तोंड काळं आन् अंग पांढरं. बाप बघून म्हणला, लोकर लय हाय, उन्हात मरतील हितं. मग तेच बोलत बसले सगळे."

"आणि कागद?" मी विचारलं.

"जातीच्या वैधतेचा अडकलाय. तो एकच काढू म्हणलं या महिन्यात."

सर म्हणाले, "ताई, चंदाची फाइल नीलमकडं देऊन टाका. सुरुवात तिनं केलीच आहे."

सुरुवात मी केली होती. नऊ जानेवारीला. या वहीत लिहिलेलं आहे.

३ मार्च, सोमवार

नीलम सरांबरोबर बँकेच्या माणसाला भेटायला गेली होती. तिची निळी वही टेबलावर उघडी होती. उघडी नव्हती, पण बंदही नव्हती. मधे पेन होता.

चव्वेचाळीस नावं. प्रत्येकाला फोन करून त्यानं का सोडलं ते तिनं लिहून ठेवलंय. कुणाची आजी वारली. कुणाला नोकरी लागली. एकीचं लग्न. आणि अकरा नावांपुढं मी आहे. "राजेश्रीताईंनी थंडीचं सांगितलं, आई घाबरली." "ताई म्हणाल्या, म्हाताऱ्या आईबापांना कोण बघणार." "ताई म्हणाल्या नीट विचार कर, मग विचारच करत बसलो." अशी अकरा.

खरं सांगणं हा गुन्हा आहे का? थंडी मी पाडते का आयर्लंडमध्ये?

आता हे सगळं ती सरांपुढं ठेवणार.

७ मार्च, शुक्रवार

नीलमनं अहवाल दिला. सरांनी मोठ्यानं वाचला. कागदपत्रांचा घोळ, इंग्रजीची भीती, घरच्यांना कुणी विश्वासात घेतलं नाही, मधल्या महिन्यांत कुणाचा फोन नाही. माझं नाव कुठंच नाही. ती अकरा माणसं "इतर" म्हणून टाकलीत.

किती आतल्या गाठीची आहे ही मुलगी. हुकमाचं पान राखून ठेवलंय. वेळ आली की टाकेल.

१८ मार्च, मंगळवार

चंदा आज आली होती, वैधतेचं पत्र घेऊन. अडकलेला कागद महिन्याभरात निघाला. नीलमनं तिला मिठीच मारली. दोघी माझ्या टेबलाजवळून खाली चहाला गेल्या. चंदानं मला "नमस्कार मॅडम" म्हटलं, मीही म्हटलं.

नंतर एका मुलाच्या आईनं मला विचारलं, तुम्ही का नाही गेलात? मी म्हणाले, लग्न ठरलं त्याच महिन्यात. फाइल बंद करताना बघितलं तर नीलम पायऱ्यांवर उभी होती. तिनं ऐकलं असेल तरी काय बिघडतं?

२४ मार्च, सोमवार

नीलम दोन दिवस सुट्टीवर. सेलूला भावाचा साखरपुडा.

अकरा वाजता ऑफिसच्या मेलवर आयर्लंडहून पत्र आलं. मुलांचे अर्ज आम्ही ऑफिसच्याच पत्त्यावरून भरतो, म्हणून पत्रं इथंच येतात. चंदाचा अर्ज नीलमनं फेब्रुवारीअखेर भरला होता, तिची मुलाखत परवा, बुधवारी, दुपारी तीनला, व्हिडिओवर. वेळ बदलायची असेल तर मंगळवारी सायंकाळपर्यंत कळवावं.

मी पूर्ण वाचलं. दोनदा. मग दुसरी पत्रं बघितली.

फाइल नीलमकडं आहे. जिची फाइल तिनं बघायचं, असा सरांचाच नियम आहे.

२६ मार्च, बुधवार

नीलम आली. साखरपुड्याचे लाडू आणले. मेल उघडून न वाचलेली पत्रं बघत बसली. न वाचलेली.

तीन वाजता मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सव्वातीनला पण बघितलं. साडेतीन वाजता उठून पाणी प्यायले.

मी खोटं बोलले नाही. मला कुणी विचारलंच नाही.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी दुसरं पत्र आलं, उमेदवार हजर नव्हता म्हणून. नीलमनं ते वाचलं आणि मग मेलच्या यादीत खाली जाऊन सोमवारचं शोधून काढलं, आधीच उघडलेलं. ती रडली नाही. पांढरी पडली.

"मी साखरपुड्यात मोबाइलवर मेल नीट बघितलं न्हाई, ताई," मला म्हणाली. "इतके लोक होते, पाहुणे होते. माझ्या हातनं उघडलं गेलं असंल आन् मी वाचलंच न्हाई. असं कसं झालं?"

सरांनी तिला आत बोलावलं. दार लोटलेलं होतं, तरी ऐकू येत होतं. तिला कामावरून काढणार नाहीत, पण बोलले खूप. तिनं एकदाही दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही.

दारासमोरचं टेबल दुपारभर रिकामं होतं. आलेली दोन्ही मुलं सरळ माझ्याकडं आली.

४ एप्रिल, शुक्रवार

गेल्या आठवड्यात नीलमनं चंदाला फोन करून मुलाखतीचं सांगितलं होतं. चंदा म्हणाली, "जाऊ द्या ताई, आपल्या नशिबात न्हवतं," आणि तेव्हापासून फोन बंद. नीलम दोनदा झरीला जाऊन आली. त्या रानातून मेंढरं उठली, कुठं गेली कुणाला माहीत नाही. विद्यापीठाला नीलमनं दोन मेल केले. त्यांचं उत्तर, कारण कळवा. कारण काय कळवणार? तिलाच माहीत नाही.

मंगळवारचे फोन तिनं यावेळी केले नाहीत.

मला वाटलं होतं मला बरं वाटेल. तीन दिवस वाटलंही. सर मला विचारून कामं करायला लागले. एका पालकानं माझ्या सल्ल्याचं कौतुक केलं. चौथ्या दिवशी दुपारी डबा उघडला आणि जेवण गेलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

सरांनी बंद फाइली कपाटात लावायला सांगितल्या. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर रकाना आहे: बंद होण्याचं कारण. तो नेहमी मीच भरते. चंदाच्या फाइलवर मी "विद्यार्थिनीनं स्वतः" एवढं लिहिलं. पुढं "माघार घेतली" हे दोन शब्द लिहायचे होते.

हाच रकाना पुण्याच्या एका ऑफिसात माझ्याही फाइलवर असेल. दोन हजार नऊ साली कुणीतरी तो भरला असेल. काय लिहिलं असेल?

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काहीही झालं नव्हतं. ते तर ऑफिसात पेढे वाटून आले होते. लग्न दोन वर्षांनी झालं. शेवटचा मेल आला होता, प्रवासाची तारीख कळवा म्हणून. मी तो रोज उघडायचे, वाचायचे आणि बंद करायचे. बावीस दिवस. पुण्याहून दोन मेल आले. मग आले नाहीत. तेव्हा घरी मी सांगितलं की विद्यापीठानंच रद्द केलं.

हे मी कुठंच लिहिलं नव्हतं. लिहून काही हलकं वाटलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

महारुद्रांना सांगितलं, कामानिमित्त जातेय. सकाळच्या एसटीनं झरी. नीलमनं विचारलं होतं तिथंच सगळ्यांना विचारलं, कुणी सांगेना. शेवटी एका जनावरांच्या औषधाच्या दुकानात चंदाचं नाव घेतल्यावर दुकानदार म्हणाला, "ती डॉक्टर पोरगी? जंताचं औषध नेलंय की परवा. आश्रुबाच्या रानात हायत ते लोक." त्यानं भाच्याला गाडी काढायला लावली.

ऊन फार होतं. तुरीच्या मोकळ्या रानात जाळीची वाघर लावून कोकरं आत ठेवली होती. चंदा एका कोकराचं तोंड फाकवून औषध पाजत होती. मला बघून उभी राहिली. आई मनकर्णाबाईनं बाभळीखाली पोतं टाकलं, तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, "त्या दुसऱ्या बाई न्हाई आल्या?"

मी येताना ठरवलं होतं की ऑफिसची चूक झाली असं म्हणायचं. बसल्यावर तोंडातून निघालं, "ते पत्र मी वाचलं होतं. सोमवारी. मुद्दाम सांगितलं नाही."

चंदानं कोकरू खाली सोडलं. "का?"

"नीलमनं तुला परत आणलं म्हणून."

"म्हंजे माझ्यावर राग न्हवता?"

"नाही."

"मग मला का मारलं मधे?"

तिची आई काही न कळल्यासारखी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. बाप धोंडीबा लांब उभा होता, तो जवळ आला. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. मला वाटलं हाकलून देईल. तो काठी टेकून खाली बसला आणि म्हणाला, "बाई, तिकडच्या सायबाला काय वाटतंय? ही पोरगी आळशी हाय, येळेवर आली न्हाई, असंच ना?"

"हो."

"मग त्यांला कळवा की चूक तुमची हाय. हिची न्हाई. तुमच्या नावानं कळवा. बाकी मला तुमच्याशी बोलायचं न्हाई."

निघताना चंदा गाडीपर्यंत आली. म्हणाली, "तुमचे वडील खरंच आजारी होते?"

"नाही. मी घाबरले होते. मला कुणी थांबवलं नव्हतं."

तिनं गाडीच्या सीटवरची धूळ हातानं पुसली. मग म्हणाली, "मी बी घाबरलेच होते. मुलाखत हुकली तवा मला बरं वाटलं, मॅडम. एक दिवस. मग लय रडले."

मेंढरांच्या वासाचा माझा हा ड्रेस तसाच टांगून ठेवलाय. तिला मी रडताना बघितलं नाही, पण जायची एवढी इच्छा असणं काय असतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. परत येताना एसटीत मला तिचा इतका हेवा वाटला की खिडकीकडं तोंड करून बसावं लागलं.

१५ एप्रिल, मंगळवार

विद्यापीठाला पत्र लिहिलं. तीन ओळी. पत्र मला मिळालं होतं, मी ते उमेदवाराला दिलं नाही, यात तिचा दोष नाही. खाली माझं पूर्ण नाव आणि हुद्दा. पाठवायच्या आधी नीलमला वाचायला दिलं.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं आता ती निळी वही काढेल.

"सरांना तुमी सांगता का मी सांगू?" एवढंच म्हणाली.

"मीच सांगते."

"मी पंधरा दिवस झोपले न्हाई ताई," ती म्हणाली. "माझं डोकं फिरलंय का असं वाटत होतं. आईला म्हणले, मला डॉक्टरकडं ने." मग तिनं पत्र परत दिलं. "तिसऱ्या ओळीत स्पेलिंग चुकलंय. दुरुस्त करून पाठवा."

सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मुलांशी बोलण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. आता फक्त कागद तपासायचे. टेबल मागच्या खोलीत.

वही का नाही काढली तिनं? कधीतरी काढेलच.

३० एप्रिल, बुधवार

विद्यापीठानं दुसरी वेळ दिली. चंदाची मुलाखत सरांच्या खोलीत झाली, नीलम दाराशी उभी. मला बोलावलं नव्हतं. मागच्या खोलीतून नुसता आवाज येत होता. आधी अडखळत, मग भरभर. एकदा तिकडची बाई मोठ्यानं हसली. चंदा बाहेर आली तेव्हा गळ्यापर्यंत घाम. म्हणाली, "मला इचारलं, मेंढी आजारी हाय हे लांबून कसं वळखतेस. मी उठून चालूनच दाखवलं."

सगळे हसले. मी दारात होते. मीही हसले.

१२ जून, गुरुवार

ॲडमिशन झालं. शिष्यवृत्तीच्या यादीतही नाव आलं. पेढे आणले नाहीत; मनकर्णाबाईनं दह्याचं मडकं पाठवलं होतं. नीलमनं सगळ्यांना वाट्या भरून दिल्या. माझी वाटी मागच्या खोलीत आणून ठेवली आणि न बोलता गेली. कामाव्यतिरिक्त ती माझ्याशी बोलत नाही. चुकीचं काही नाही त्यात.

या वर्षी आत्तापर्यंत अठ्ठावन्नपैकी फक्त नऊ गळाले. सरांनी फळ्यावर लिहिलंय. मी जातायेता बघते. ते नऊ जण कोण, हे मला विचारायचं असतं. विचारत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

चंदा गेली. स्टेशनवर सगळं ऑफिस गेलं होतं. मी कागद तपासत बसले.

८ ऑक्टोबर, बुधवार

साडेबाराला माझा फोन वाजला. परदेशी नंबर. चंदा.

आधी नुसतं रडणं. मग म्हणाली, "मॅडम, मला परत यायचंय." तिच्याकडं सकाळचे आठ वाजले होते. पाऊस थांबत नाही. वर्गात कुणी काय बोलतं ते निम्मं कळत नाही. खोलीतल्या मुलीशी बोलायची लाज वाटते. चार दिवस वर्गात गेली नाही. तिकिटाचं बघितलं.

"नीलमला केलास का फोन?"

"न्हाई. ताईला सांगू नका. ताईला लय वाईट वाटंल. ताईनं किती केलं माझ्यासाठी." मग थांबून, "तुमाला वाईट वाटणार न्हाई, म्हणून लावला."

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत कुणाला मी एवढ्या सहज परत आणू शकले नसते. ये म्हणायचं. आईला बरं वाटेल म्हणायचं. जग बुडत नाही म्हणायचं. यातलं काहीच खोटं नव्हतं. आणि खरं लिहायचं तर, ते सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तिच्या खिडकीबाहेरचा पाऊस मला फोनमध्ये ऐकू येत होता. मला त्या पावसाचा हेवा वाटला, त्या कळत नसलेल्या वर्गाचा, तिच्या रडण्याचासुद्धा. मी स्कॉटलंडमध्ये कधी रडले नाही.

"काय खाल्लंस?" मी विचारलं.

"काहीच न्हाई."

"ब्रेड आहे? भाज. फोन ठेवू नको, मी थांबते."

ती भाजत होती, मी थांबले. खाल्लं. मग मी विचारलं, आज वर्ग कोणता. आज वर्ग नव्हता, फार्मवर जायचं होतं, नऊला बस. "तिकिटाचं आज काही ठरवू नको," मी म्हणाले. "आज फक्त बस पकड. बास. उद्या याच वेळेला मी फोन करते. नाही उचललास तर परत करीन. परवा पण करीन."

"आन् उद्या बी यायचं वाटलं तर?"

"तर उद्या बोलू."

चाळीस मिनिटं झाली होती. दोन फाइली तपासायच्या राहिल्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार

साडेबाराला लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. चौथ्यांदा तिचाच आला. मागं मेंढरांचा गलका.

"मॅडम, आता नगं. आज फार्मवर सातलाच आलोत, खुरं कापायलोत, दोन्ही हात भरलेत. ती खोलीतली मुलगी फोन धरून हाय. ठेवते!" आणि कोणीतरी मोठ्यानं इंग्रजीत काही म्हणालं, ती त्याच्यावर हसली, आणि फोन कापला गेला.

माझ्याशी एक मिनिटसुद्धा बोलली नाही. मी तशीच फोन धरून उभी होते. मागं वळले तर नीलम दारात. हातात तपासायच्या फाइली.

"चंदा होती?" तिनं विचारलं. एप्रिलनंतर पहिल्यांदा तिनं मला कामाबाहेरचं काही विचारलं. "काल बी याच येळेला तुमचा फोन चालू होता. लय येळ."

मी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"मला तर महिना झाला फोन न्हाई तिचा," नीलम म्हणाली. हसायला बघत होती, पण तोंडाच्या कोपऱ्याशी काहीतरी होत होतं. ते मी लगेच ओळखलं. नऊ महिने माझ्या आरशात बघितलंय.

किती वाट बघितली होती मी हे तिच्या तोंडावर बघायची.

"चुकून लागला असेल तिच्याकडून," मी म्हणाले. "तुझंच नाव शोधत असेल. बघ ना, बोललीसुद्धा नाही, लगेच कापला. काल महारुद्रांचा होता."

नीलमनं फाइली टेबलावर ठेवल्या. "हां," ती म्हणाली, "हात भरले असतील तिचे. तिला घाईच लय." हात भरल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. जाताना ती माझ्याकडं बघून हसली, आणि मोबाइलवर चंदाचं नाव काढत तिच्या टेबलाकडं गेली.